परदेशी कामाला जाताना: कोणता कागद कोणत्या हक्काला लागतो

विमान पहाटे चारचं. रात्री दहाच्या सुमारास व्हॉट्सॲपवर कराराचा तिरका फोटो येतो आणि खाली एक ओळ: "जरा बघून सांगा ना, बरोबर आहे का?" दुबईची कंपनी, प्लंबरचं काम, पगार १,२०० दिरहम. त्यात बेसिक ६००, बाकी 'इतर भत्ते'. एवढ्या रात्री मी काय सांगणार? एजंटला पैसे देऊन झालेले, बॅग भरलेली, नातेवाईक निरोपाला जमलेले. "जपून जा, पोचलास की कळव," एवढंच लिहिलं. त्या ६०० च्या आकड्यानं काय केलं ते पुढे सांगतो.

ओळखीपाळखीच्या लोकांचे असे कागद बघून देता देता एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आहे. स्थलांतरित कामगारांच्या हक्कांवर परिषदा भरतात, करार होतात, कायदे बदलतात. पण त्यातला हक्क कामगाराच्या हाती लागतो तो एखाद्या कागदाच्या आधारानं. कागद नसेल तर कायदा असून नसल्यासारखा. आणि हे कागद जवळजवळ सगळे निघण्याआधीच बनवावे लागतात. म्हणून हे लेखन तीन आठवडे आधी विचारणाऱ्यांसाठी.

आधी जमीन कुठे पक्की आहे ते पाहू. स्थलांतरित कामगार आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार १८ डिसेंबर १९९० ला मंजूर झाला आणि २००३ मध्ये अंमलात आला. फिलिपिन्स, श्रीलंका, बांगलादेश, इंडोनेशिया या माणसं पाठवणाऱ्या देशांनी तो स्वीकारला. आखातातल्या एकाही देशानं स्वीकारलेला नाही, आणि भारतानंही नाही. माणसं पाठवणाऱ्या आशियाई देशांची 'कोलंबो प्रोसेस' २००३ पासून आहे, घेणाऱ्या देशांना सोबत बसवणारा 'अबू धाबी डायलॉग' २००८ पासून. दोन्हीकडे चर्चा होते, सक्ती नसते. त्यामुळे तुमच्या हाती खरोखर येतात तीन गोष्टी: आपला १९८३ चा एमिग्रेशन कायदा, तिकडच्या देशाचा कामगार कायदा, आणि या दोहोंना जोडणारा तुमचा करार.

पायरी १: पासपोर्ट उघडून बघा

दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर साधारणपणे 'ईसीआर' अशी नोंद असते. म्हणजे ठरावीक १८ देशांत नोकरीला जाण्याआधी सरकारच्या 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स'कडून मंजुरी घ्यावी लागते. सौदी, अमिरात, कतार, कुवेत, ओमान, बहारीन हे आखातातले सहाही देश त्यात आहेत, शिवाय मलेशिया, जॉर्डन, इराक, थायलंड वगैरे.

ही नोंद लोकांना कमीपणाची वाटते, आणि एजंट तिला 'झंझट' म्हणतो. माझं मत उलट आहे. ती असली की तुमचा मालक, करार, पगार आणि विमा हे सगळं 'ई-मायग्रेट' या सरकारी पोर्टलवर नोंदवावंच लागतं. पुढे वाद झाला तर 'मला इतका पगार कबूल केला होता' याचा सरकार दरबारी पुरावा तयार असतो. दहावी पास असलेल्याला ही मंजुरी लागत नाही, त्यामुळे तो कुठेच नोंदला जात नाही. त्यांच्यासाठीही नोंदणी सक्तीची करायचं २०१८ च्या नोव्हेंबरात ठरलं होतं. ओरड झाल्यावर त्याच महिन्यात ते स्थगित झालं. ऐच्छिक नोंदणीची सोय मात्र आहे. ती करा.

पायरी २: एजंट कोण, आणि पैसे कशाचे

भारतातून परदेशी नोकरीसाठी माणसं भरती करायला परवाना लागतो. परवानाधारक एजंटला सरकारकडे बँक हमी ठेवावी लागते, मोठ्या एजंटसाठी ती ५० लाख रुपयांची असते. ई-मायग्रेटवर एजंटचं नाव किंवा नोंदणी क्रमांक घालून परवाना चालू आहे, रद्द आहे की मुदत संपली आहे ते दिसतं. बेकायदा एजंटांची यादीही तिथेच आहे. जाहिरातीत नोंदणी क्रमांक नसेल तर पुढे वाचूच नका.

खरी अडचण वेगळीच असते. परवानावाला मुंबईत बसलेला असतो आणि तुमच्याशी बोलतो तो गावचा ओळखीचा माणूस, कुणाचा तरी मेहुणा, स्वतः दहा वर्षं सौदीत काढून आलेला. कायद्यात 'सब-एजंट' नावाची वस्तूच नाही. त्याच्या हातात दिलेली रक्कम कायद्याच्या नजरेत कुणालाच दिलेली नाही. त्याच्याकडून माहिती घ्या, चहा पाजा. पैसे मात्र परवानाधारकाच्या खात्यात, बँकेतून, पावती घेऊन.

किती? एजंटची सेवा फी जास्तीत जास्त ३०,००० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४००. त्याहून जास्त मागणं बेकायदा. प्रत्यक्षात लाख, दीड लाख मागितले जातात आणि त्याला म्हणतात 'व्हिसाचे पैसे'. हा शब्दच फसवा आहे. कामाचा व्हिसा मालकाच्या नावे मंजूर होतो, त्याचा खर्चही मालकाचा. अमिरातीच्या २०२१ च्या कामगार कायद्यात भरतीचा खर्च कामगाराकडून वसूल करायला स्पष्ट मनाई आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं २०१६ मध्ये न्याय्य भरतीची जी तत्त्वं ठरवली, त्यातही भरतीचा खर्च कामगारावर पडता कामा नये असंच म्हटलं आहे. नेपाळनं २०१५ मध्ये 'फ्री व्हिसा, फ्री तिकीट' धोरण आणून सहा आखाती देश आणि मलेशिया यांच्यासाठी व्हिसा-तिकीट मालकावर टाकलं आणि एजंटची फी दहा हजार नेपाळी रुपयांवर बांधली. अंमलबजावणीत भोकं पडली तो भाग वेगळा.

हे एवढं लांबवतो याला कारण आहे. दीड लाख व्याजानं काढून गेलेला माणूस पहिलं वर्षभर तोंड उघडू शकत नाही. पगार कमी मिळाला, राहायची जागा कोंदट निघाली, तरी तो परत येत नाही. कर्ज फिटेपर्यंत त्याचे सगळे हक्क गहाण पडलेले असतात.

पायरी ३: व्हिसा कुठला

'आधी व्हिजिटवर जा, तिथे गेल्यावर कामाचा करून देतो' हे वाक्य ऐकलं की तिथेच थांबा. पर्यटक म्हणून बाहेर पडलेल्या माणसाला एमिग्रेशन मंजुरी लागत नाही. म्हणून करार नोंदला जात नाही, विमा निघत नाही, आणि तिकडे काम करताना सापडला तर गुन्हेगार तोच ठरतो. 'आझाद व्हिसा'चंही तसंच. कागदावर मालक एक, काम भलत्याकडे, आणि दर वर्षी कागदावरच्या मालकाला हप्ता. आझाद म्हणतात खरं, पण अशा माणसाला कामगार न्यायालयात उभं राहायलाही जागा उरत नाही.

पूर्वेकडे वेगळं प्रकरण चालू आहे. थायलंडमध्ये डेटा एंट्रीची नोकरी, संगणक येणारा पदवीधर तरुण, झटपट व्हिसा. तिथून गाडीनं म्यानमारच्या सीमेपलीकडे किंवा कंबोडिया-लाओसच्या एखाद्या कुंपणबंद आवारात, आणि मग बंदुकीच्या धाकानं ऑनलाइन फसवणुकीचं काम. भारतीय दूतावासांनी यावर वारंवार इशारे दिले आहेत. इथे बळी पडतात ते बहुतेक शिकलेले, म्हणजे ज्यांना कुठलीच मंजुरी लागत नाही तेच.

पायरी ४: करार, ओळ न् ओळ

आता त्या ६०० वर येऊ.

अमिरातीत ओव्हरटाइम मोजतात तो बेसिकवर, वर किमान २५ टक्के. बेसिक ६०० असेल तर तासाला पडतात अडीच दिरहम, ओव्हरटाइमचे तीन आणि थोडे. बेसिक १,००० असतं तर तेच पाच दिरहमच्या वर गेले असते. नोकरी संपताना मिळणारी ग्रॅच्युइटीही बेसिकवर: पहिली पाच वर्षं दर वर्षाला २१ दिवसांचा पगार. ६०० वर वर्षाचे ४२० होतात, चार वर्षांचे १,६८०. हजारावर ते २,८०० झाले असते. हातात येणारा पगार दोन्हीकडे १,२०० च. आमचा प्लंबर चार वर्षांनी परतला तो १,६८० घेऊन. कंपनीनं त्याला फसवलं नव्हतं, हिशोब कायद्याप्रमाणे अचूक होता.

तेव्हा करार हातात आला की आधी एकूण पगार बघू नका, बेसिक बघा. मग पदाचं नाव. वेल्डर म्हणून निघालात आणि व्हिसावर 'लेबर' असेल तर तिकडच्या कायद्याला तुम्ही लेबर. सौदीच्या व्हिसावर 'साईक खास' असेल तर तुम्ही कंपनीचे ड्रायव्हर नाही, घरचे ड्रायव्हर. हा फरक वरवर लहान दिसतो, पण सौदीनं मार्च २०२१ मध्ये नोकरी बदलायची आणि मालकाच्या परवानगीविना देशाबाहेर जायची जी मुभा दिली, त्यातून घरगुती कामगार वगळले होते, आणि घरचा ड्रायव्हर त्यांतच मोडतो.

त्यानंतर कामाचे तास, सुट्टीचा दिवस, जेवण कंपनीचं की भत्ता, परतीचं तिकीट कुणाचं, नोटिशीची मुदत किती. राहायच्या जागेची ओळ बहुतेक जण वाचतच नाहीत. १२ जून २०२४ ला कुवेतच्या मंगाफमध्ये कामगारांच्या इमारतीला आग लागली आणि चाळीसहून अधिक भारतीय गेले. खोलीत किती जण, हा प्रश्न मुलाखतीतच विचारा. उत्तर द्यायला एजंट कुरकुरला तर त्यातूनही काही कळतं.

करार तुम्हाला कळणाऱ्या भाषेत मागा. अमिरातीत ऑफर लेटरला अरबी-इंग्रजीसोबत कामगाराची भाषा जोडता येते. एकूण ११ भाषांची सोय आहे, त्यात हिंदी, मल्याळम, तमिळ, उर्दू आहेत. मराठी नाही, हे जाता जाता. सही केलेल्या ऑफर लेटरपेक्षा कमी फायद्याचा करार तिथे गेल्यावर पुढे करता येत नाही, असा तिथला नियम आहे. पण तो वापरायला ऑफर लेटरची प्रत तुमच्याकडे हवी ना. विमानतळाबाहेर गाडीत बसल्या बसल्या नवा कागद पुढे सरकवला जातो, तेव्हा जुना फोनमध्ये आणि घरी, दोन्हीकडे असू द्या.

पगार ठरवताना सरकारनं त्या त्या देशासाठी आणि कामासाठी काढलेलं किमान संदर्भ वेतन बघून घ्या. त्याखालच्या पगारावर एमिग्रेशन मंजुरी मिळत नाही. सप्टेंबर २०२० मध्ये करोनाकाळात 'आपल्या माणसांच्या नोकऱ्या टिकाव्यात' म्हणून भारतानं आखातासाठी हे दर खाली आणले होते. कामगार संघटनांनी आवाज उठवला, तेलंगण उच्च न्यायालयात याचिका गेली, आणि २०२१ मध्ये दर पूर्ववत झाले. आपण दर वाढवला तर मालक दुसऱ्या देशाची माणसं घेईल, ही भीती माणसं पाठवणाऱ्या प्रत्येक देशाला असते. यातून सुटायचं तर या देशांनी मिळून दर ठरवायला हवेत. कोलंबो प्रोसेसमध्ये याची चर्चा होते, आणि चर्चाच होते.

पायरी ५: विमा आणि एक दिवसाचं प्रशिक्षण

ईसीआरवाल्यांना प्रवासी भारतीय बीमा योजना सक्तीची आहे. अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाख रुपये. हप्ता दोन वर्षांना २७५ आणि तीन वर्षांना ३७५ रुपये, वर कर. वारसाचं नाव आधार कार्डावर आहे तसंच लिहा, आणि पॉलिसीची प्रत घरी ठेवा. विमा असूनही कुटुंबाला त्याचा पत्ताच नसतो, हे मी एकाहून जास्त वेळा पाहिलं आहे. निघण्याआधीचं एक दिवसाचं प्रशिक्षण मोफत असतं. चुकवू नका.

पायरी ६: तिकडे उतरल्यावर

आखातात कामगाराचा देशातला मुक्काम मालकाच्या नावाशी बांधलेला असतो. ही 'कफाला' पद्धत, आणि तो मालक म्हणजे कफील. गेल्या काही वर्षांत ती सैल झाली आहे. कतारनं २०२० मध्ये नोकरी बदलायला मालकाच्या ना-हरकत पत्राची अट काढली आणि मार्च २०२१ पासून सर्व कामगारांना, घरकाम करणाऱ्यांनाही, किमान १,००० रियाल वेतन लागू केलं. मालक जागा-जेवण देत नसेल तर वर ५०० आणि ३००. अमिरातीनं फेब्रुवारी २०२२ पासून सगळे करार मुदतीचे केले. तरीही इकामा (तिथे राहायचा परवाना) काढणं, त्याचं नूतनीकरण करणं, तुम्ही पळून गेलात अशी तक्रार करणं, या किल्ल्या मालकाकडेच आहेत. सौदीत या तक्रारीला 'हुरूब' म्हणतात. भांडण झालं म्हणून कामावर जायचंच बंद केलं की मालकाला हुरूब लावायला कारण मिळतं आणि तुमची पगाराची तक्रार अडकून पडते. म्हणून आधी तक्रार नोंदवा, तिचा नंबर घ्या, आणि मगच पुढचं पाऊल.

पहिल्या महिन्यात एवढं करा. पासपोर्ट स्वतःकडे ठेवा. 'सुरक्षित राहावा म्हणून' मालकानं मागितला तर देऊ नका, द्यावाच लागला तर दिल्याची पोच घ्या. पासपोर्ट काढून घ्यायला अमिरात, कतार, सौदी तिन्हीकडे कायद्यानं मनाई आहे. पगार बँक खात्यातच घ्या. अमिरातीत २००९ पासून, सौदीत २०१३ पासून आणि कतारमध्ये २०१५ पासून पगार बँकेमार्फत द्यायची आणि सरकारनं त्यावर नजर ठेवायची व्यवस्था आहे. त्यामुळे पगार थकला तर नोंद आपोआप राहते. रोख घेतलेल्या पगाराची नोंद कुठेच नसते. एटीएम कार्ड आणि पिन फोरमनकडे ठेवायची पद्धत काही कॅम्पांत असते. ती मोडा.

आणि एक छोटी वही ठेवा. तारीख, कामाला लागल्याची वेळ, सुटल्याची वेळ, साइटचं नाव. उन्हाळ्यात भर दुपारी उघड्यावर काम घ्यायला बंदी असते: अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर, साडेबारा ते तीन, कतारमध्ये १ जूनपासून १५ सप्टेंबरपर्यंत, दहा ते साडेतीन. त्या वेळेत काम करायला लावलं तर तेही वहीत लिहा. खाडाखोड असलेली, घामानं फुगलेली वही सुनावणीत नुसत्या तोंडी बोलण्यापेक्षा केव्हाही भारी पडते.

घरकामाला जाणाऱ्या बायकांसाठी

वरचं बरंचसं त्यांना जसंच्या तसं लागू होत नाही, कारण घर ही 'कामाची जागा' मानायला कायदे आजही कचरतात. घरकामगारांसाठीचा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १८९ वा करार २०११ चा. फिलिपिन्सनं तो लगेच पुढच्या वर्षी स्वीकारला, भारतानं नाही. कुवेतनं २०१५ मध्ये आणि अमिरातीनं २०२२ मध्ये घरकामगारांसाठी वेगळे कायदे केले. भारताचा नियम असा की ईसीआर पासपोर्टवाल्या बाईला ३० वर्षं पूर्ण झाल्याशिवाय मंजुरी नाही, आणि भरतीही सरकारी संस्थांमार्फतच. हेतू चांगला, पण परिणाम असा की चोविशीतली गरजू मुलगी थांबत नाही. व्हिजिट व्हिसावर जाते, मधल्या एखाद्या देशातून पुढे पाठवली जाते, आणि जिच्यासाठी नियम केला तीच कुठल्याही नोंदीत नसते. अशी कुणी निघाली असेल तर 'जाऊ नकोस' म्हणण्याबरोबर दूतावासाचा नंबर तिला पाठ करायला लावा. फोन काढून घेतले जातात, पाठ केलेला नंबर राहतो.

पायरी ७: पैसे थकले तर

क्रम महत्त्वाचा. आधी मालकाला लेखी, व्हॉट्सॲपवर का होईना, तारखेसह. मग त्या देशाच्या कामगार खात्याकडे तक्रार; तीन-चार महिने वाट बघत बसू नका, पगार दोनदा चुकला की करा. त्याच सुमारास भारतीय दूतावासाला कळवा आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर नोंद करा. घरच्यांनाही ती भारतातून करता येते. प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा भारतातला मोफत नंबर १८०० ११ ३०९०. अडकून पडलेल्यांचं तिकीट, कायदेशीर मदत, मृतदेह आणणं यासाठी दूतावासांकडे २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. तो आपल्याच पासपोर्ट-व्हिसा सेवांच्या शुल्कातून जमतो, त्यामुळे मागताना संकोच नको.

परतीच्या वेळी सर्वात जास्त फसगत होते. खुरूज, म्हणजे कायमचं परतायचा शिक्का, लागण्याआधी हिशोब पुरा करा. 'सर्व देणी मिळाली' अशा अरबी कागदावर तिकिटाच्या बदल्यात सही घेतात. पैसे खात्यात दिसेपर्यंत ती करू नका. २०२० मध्ये करोनाकाळात 'वंदे भारत' मोहिमेच्या विमानांनी घाईनं परतलेल्या कितीतरी जणांचे पगार आणि ग्रॅच्युइटी अशीच मागे राहिली. निघावंच लागलं तर जाण्याआधी तिथल्या विश्वासू माणसाच्या किंवा वकिलाच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून दूतावासात त्याची नोंद करा. दाव्याला मुदत असते. सौदीत ती नोकरी संपल्यापासून वर्षभराची आहे. अमिरातीत पूर्वी वर्षाची होती, २०२४ पासून दोन वर्षांची झाली आहे.

आणि इकडचा एजंट? त्याच्याविरुद्ध ई-मायग्रेटवर आणि पोलिसांत तक्रार करता येते. १९८३ च्या कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजार रुपयांपर्यंत दंड आहे. दोन हजार हा आकडा त्या वर्षी जड असेल. आज एजंट तेवढे एका माणसाच्या फोटोकॉपीचे म्हणून घेतो. नव्या कायद्याचे मसुदे २०१९ मध्ये आले, २०२१ मध्ये आले. त्यावर हरकती-सूचना मागवल्या जातात तेव्हा कामगारांच्या बाजूनं एक मागणी आवर्जून जायला हवी, फिलिपिन्सच्या १९९५ च्या कायद्यातली: परदेशी मालकानं पगार बुडवला तर मायदेशातला एजंटही तितकाच देणेकरी. म्हणजे दावा लावायला रियाधला जायला नको, ज्याच्या कार्यालयात पावती फाडली तिथेच तो लावता येतो.